दुसऱ्या बरणीतली माती

१

तीन बरण्या होत्या, तिन्हींत नदीचा चिखल भरला होता, आणि त्यातल्या एकीनं रुखमाच्या बापाला गुन्हेगार ठरवलं.

हे झालं बुधवारी, मधली सुट्टी संपायच्या बेताला. साल चौऱ्याऐंशी, माघाचे दिवस. खैरीटोला म्हणजे करडीच्या अलीकडचं, वैनगंगेच्या काठाला चिकटलेलं गाव, आणि तिथं नागपूरच्या प्रयोगशाळेचा कागद आला म्हणजे तो वाचायला विज्ञानाच्या ताराचंद सरांशिवाय दुसरं कोण? सर शाळेच्या ओट्यावर उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. समोर अर्धं गाव जमलेलं. नववीतली रुखमा वर्गाच्या खिडकीला नाक लावून उभी होती आणि तिचा एक पाय दुसऱ्या पायावर नाचत होता. स्वस्थ उभं राहणं तिला जमतच नसे.

महिन्याआधी सरपंच टिकारामजींच्या दोन म्हशी मेल्या होत्या, आणि नुसत्या मेल्या नव्हत्या. करकर दात चावत, आंधळ्यासारख्या गोल गोल फिरत, शेवटी गोठ्याच्या भिंतीला कपाळ टेकून मेल्या. ढोरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोटात शिसं गेलं. म्हशी पाणी पीत नदीचं. मग नदीत शिसं आलं कुठून?

सगळ्यांची बोटं एकाच दिशेला गेली. गावाच्या वरच्या अंगाला, नाल्याकाठी, दोन वर्षांपासून एक भट्टी धडधडत होती. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं आणि धुतलेलं पाणी नाल्यात सोडून मोकळं व्हायचं. शिसं जड. पाण्याबरोबर ते फार लांब जात नाही, तळाच्या चिखलात बसून राहतं. म्हणून भंडाऱ्याहून आलेल्या सरकारी साहेबांनी पाण्याऐवजी चिखलच भरून घेतला, लोणच्याच्या असतात तसल्या मोठाल्या बरण्यांत. पहिली बरणी भट्टीच्या वरची. दुसरी, भट्टीचा नाला नदीला मिळतो त्या तोंडाची. तिसरी त्याखालच्या डोहाची, जिथं रुखमाचा बाप जागेश्वर रोज जाळं टाकत असे.

"पहिल्या बरणीत शिसं नाही," सर वाचू लागले. "दुसऱ्या बरणीत..." ते अडले. कागद डोळ्यांजवळ नेला. "दुसऱ्या बरणीतही नाही. तिसऱ्या बरणीत आहे."

मग मागून भट्टीचा मॅनेजर भोजराज खदखदून हसला. "घ्या! माह्या नाल्याच्या तोंडाशी काहीच नाही, अन् खाली डोहात शिसं! मंग सांगा गा, रोज शिसं घेऊन डोहात कोण उतरते?"

सगळ्या माना वळल्या. जागेश्वर गर्दीच्या कडेला उभा होता, तसाच नदीवरून आलेला. खांद्यावर फेकजाळं. जाळं तळाला जावं म्हणून ढिवर त्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या ओवतात, त्या ओळीनं लोंबत होत्या. आजवर त्या गोळ्यांकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता सगळे पाहत होते.

टिकारामजी उठले. म्हशींचं दुःख त्यांच्या आवाजात अजून ओलं होतं. "रविवारी सकाळी सभा. तोवर तुही जाळी पंचायतीत जमा, जागेश्वर. सभेनं म्हटलं तं डोह तुले कायमचा बंद."

२

जाळं नसलेला बाप रुखमानं कधी पाहिलाच नव्हता. तो ओसरीत बसला होता आणि हात मांडीवर असे ठेवले होते, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत.

"बाबा, कागद चुकला."

"नागपूरचा कागद कायले चुकते व?"

"मंग चिखल चुकला!" रुखमा उभी राहिली, बसली, परत उभी राहिली. "गोळ्या काय पाण्यात विरघळते? आज्याच्या जाळ्याच्या गोळ्या तुम्ही अजून वापरता. अन् डोहात शिसं आलं तं ते वरून, नाल्याच्या तोंडावरूनच येईल ना? तोंडात नाही अन् पोटात आहे, असं कुठं असते का?"

जागेश्वरनं मान वर केली. "हे सभेत कोण आयकन?"

"मी आयकवतो!"

बाप हसला नाही, हेच तिला जास्त लागलं.

गुरुवारी पहिली घंटा व्हायच्या आत ती सरांच्या पुढ्यात उभी. "सर, बरण्या कुठं होत्या?"

ताराचंद सरांना प्रश्न विचारणारी मुलं आवडत, पण आज त्यांचा चेहरा उतरलेला होता. "सोमवारी भरल्या, साहेबांची जीप पुढं साकोलीला गेली. परत यायला आठ दिवस लागले. तोवर बरण्या आपल्या विज्ञानाच्या खोलीत, कपाटात. मग साहेबांच्या माणसानं प्रत्येकीतला अर्धा चिखल पुडक्यात बांधून नेला. उरलेला अर्धा इथंच आहे."

"कपाटाची किल्ली?"

"ऑफिसात, घड्याळामागच्या खिळ्याला."

"हे कोणाकोणाला माहीत?"

"घड्याळ बघता येतं त्या सगळ्यांना," सर म्हणाले आणि स्वतःच ओशाळले. "हे बघ, त्या आठ दिवसांत बाहेरची दोनच माणसं त्या खोलीत आली. मंगळवारी भोजराज. शाळेला पृथ्वीचा गोल भेट द्यायला म्हणून आला आणि अर्धा तास बसला. आणि सरपंच एकदा बरण्या बघून गेले, कोणत्या दिवशी ते आठवत नाही. मी तर रोजचाच. संशय घ्यायचा तर मलाही धर."

"धरला सर," रुखमा म्हणाली. "आता कपाट उघडा."

खोलीत पार्वताबाई झाडत होती. शाळेची शिपाई म्हणा, पाणी भरणारी म्हणा, घंटा वाजवणारी म्हणा, सगळं तीच. "पाय उचल व पोट्टे," ती कुरकुरली आणि रुखमाच्या पायांखालून झाडू फिरवून निघून गेली.

पहिल्या बरणीत वाळू होती, शंखांचा चुरा, एक कुजकं पान. तिसरीत काळसर गाळ, माशाचा खवला, गवताची मुळं. आणि दुसरी? दुसरीतली माती करड्या रंगाची, लोण्यासारखी मऊ. उभा काप घेऊन अर्धी नेलेली, तरी उरलेली वरून कोणी तळहात फिरवावा तशी सपाट. रुखमानं बोट खुपसलं. एक खडा लागला नाही. बोट बाहेर काढलं तर त्यावर धानाच्या भुशाचे दोन पिवळे कण चिकटले होते.

"नाल्यात भुसा?" ती पुटपुटली.

"वाऱ्यानं उडून पडला असेल," सर म्हणाले आणि अचानक ताठ झाले. "पण आपण इतकी डोकेफोड का करतोय? नाल्याच्या तोंडाशी जाऊ आणि नवी माती भरून आणू. बरणी चुकली असेल, नाल्याचं तोंड कुठं पळालं?"

शाळा सुटल्यावर दोघं जवळजवळ धावतच तिथं पोचले. आणि जागच्या जागी थबकले.

नाल्याचं तोंड पळालं होतं. जिथं काळा चिखल असायला हवा, तिथं हातभर उंच लाल मुरूम ठोकून बसवला होता.

३

"सफाई केली," भोजराज म्हणाला. भट्टीच्या फाटकात खुर्ची टाकून तो चहा पीत होता. मागं बॅटऱ्यांच्या काळ्या खोक्यांचा डोंगर. "नाल्याची सफाई करणं गुन्हा आहे का, मास्तर?"

"खोदलेली माती कुठं गेली?" सरांनी विचारलं.

"ट्रकमध्ये गेली. ट्रक कुठं गेला ते ट्रकले विचारा."

"कधी खोदलं, भोजराजजी?" रुखमानं विचारलं.

"तू काय पोलीस आहे का व?"

"नाही जी. पोलिसाले एका जागी उभं राहता येते, मले नाही येत."

भोजराजला हसू आलं, आणि हसता हसता माणूस सैल होतो. "मागच्या शनिवारी मजूर लावले. कागदात काय येते काय मालूम, म्हटलं आपण आपलं घर साफ ठेवाव. अन् कागदानं तं आमचं भलंच केलं! मी सोताच चाट पडलो."

परत येताना सर पाय ओढत चालले होते. "संपलं, रुखमा. यानंच बरणी बदलली आणि यानंच तोंड बुजवलं. पुरावा काही नाही."

रुखमा पुढं चालत होती, मागं येत होती, पुन्हा पुढं जात होती. मग एकदम वळून उभी राहिली. "नाही सर. यानं बरणी नाही बदलली."

"म्हणजे?"

"ज्यानं बरणी बदलली, त्याला कागदात काय येणार ते आधीच माहीत. तो आरामात झोपला असता. हा तर शनिवारी, कागद यायच्या चार दिवस आधी घाबरून मजूर लावतो. म्हणजे बरणीत आपल्याच भट्टीचा चिखल आहे असंच याला वाटत होतं. आणि कागद पाहून हा चाट पडला म्हणतो, ते खरं बोलला." तिनं श्वास घेतला. "नदीत विष यानंच सोडलं सर. पण बरणी दुसऱ्याच कोणी बदलली."

४

शुक्रवारी ती सरपंचांच्या अंगणात उभी राहिली तेव्हा टिकारामजींच्या कपाळाच्या शिरा तटतटल्या. "जागेश्वरची पोट्टी? काहून आली?"

"एवढंच विचाराले, काकाजी. बरण्या तुम्ही कवा पाहल्या?"

"माह्यावर शक घेऊन राहिली का? माह्या म्हशी मेल्या, दुधाच्या, अन् मीच मारणाऱ्याले लपवू?"

अंगणातल्या चुलीपाशी त्यांची बायको सत्यभामाबाई धान उकडत होती. तिथूनच ती म्हणाली, "सांगून द्या ना जी. लेकरू विचारून राहिलं तं तुमचं काय जाते?"

"बुधवारी पाहल्या," टिकारामजी गुरगुरले. "बाजारातून येताना. पाहल्या कायच्या, नाकाले धोतर लावून बाहेर पडलो. ते दुसरी बरणी अशी सडली होती! झाकण वर आलेलं, काळं पाणी कपाटात सांडून राहिलं होतं. सायबाची माती म्हणे! डुकराच्या डबक्यात बरी असते."

रुखमाचे दोन्ही पाय जमिनीला खिळले. "काळी होती? अन् वास येत होता?"

"काळी म्हणजे कोळसा. तुले आयकाले कमी येते का?"

ती तिथून पळतच सुटली. काळी! बुधवारी दुसऱ्या बरणीत काळा, सडका चिखल होता. आज आहे तो करडा, आणि वासाचं नाव नाही. म्हणजे खरा चिखल बुधवारपर्यंत जागेवर होता. भोजराज येऊन गेला मंगळवारी, तो यातून सुटला. बरणी बदलली ती बुधवारनंतर आणि साहेब परत आले त्या सोमवारआधी. आणि बुधवारनंतर त्या खोलीत बाहेरचं माणूस आलंच नाही.

राहिले फक्त सर.

तिनं हा विचार झटकला. तो परत आला. पुन्हा झटकला. त्या दिवशी भूमितीच्या तासाला सर फळ्यावर वर्तुळ काढत होते आणि रुखमा त्यांच्या हातांकडे बघत होती. खडूनं पांढरी झालेली, स्वच्छ, कधी मातीत न गेलेली बोटं.

५

शनिवारी सकाळची शाळा. घरी आली तो आई म्हणाली, "बसून बसून बापाचं डोकं फिरलं, आता तू तरी कामाले लाग. चुलीचा कान फुटला, लिंपून घे."

रुखमानं घमेल्यात माती घेतली, पाणी शिंपडलं, भुसा टाकला. भुसा नसला तर चूल तापल्यावर तडकते, हे इथल्या पोरींना अक्षरं यायच्या आधी कळतं. ती मळू लागली. डोकं मात्र सभेत होतं. उद्या सकाळ. उद्या सकाळी बाबांचं जाळं सगळ्यांपुढं पडलेलं असेल आणि आपण काय सांगणार? भुसा सापडला?

मळता मळता तिची नजर हाताकडे गेली. बोटं आपोआप खडे वेचत होती. एक खडा, बाजूला. शंखाचा तुकडा, बाजूला. काडी, बाजूला. तिनं त्यांना सांगितलं नव्हतं. आणि गोळा झाला तसा ओल्या तळहातानं तिनं वरून हात फिरवला. मातीचा गोळा सपाट, गुळगुळीत.

तशीच! अगदी तशीच!

पुरुष नदीवर जाऊन चिखल भरेल तर दगडधोंड्यांसकट भरेल. भोजराज तसाच भरेल, सरपंच तसेच, आणि सरांना तर माती निवडतात हेसुद्धा माहीत नसणार. दुसऱ्या बरणीतली माती निवडलेली होती, मळलेली होती, वरून हात फिरवलेली होती, आणि ज्या घमेल्यात मळली त्यात आधीचा भुसा चिकटलेला होता. ती बरणी कोणा बाप्यानं भरलीच नव्हती. बाईनं भरली होती. आणि त्या खोलीत रोज जाणारी, पण येणाऱ्याजाणाऱ्यांत कोणीच न मोजलेली बाई एकच. रुखमानंही मोजली नव्हती, पायाखालून झाडू फिरवून गेली तरी.

मातीचे हात तसेच घेऊन ती पळाली.

पार्वताबाई एकटीच राहत असे, गावाच्या टोकाला, एका खोलीत. चुलीवर आंबील शिजत होतं. रुखमा दारातच म्हणाली, "मावशी, दुसरी बरणी तू बदलली."

"हो," पार्वताबाई म्हणाली. इतक्या सहज, की रुखमाचं पुढचं सगळं भाषण वाया गेलं.

"काहून, मावशी?"

"काहून म्हणजे? झाकण उडालं होतं, कपाटभर घाण झाली. मास्तर म्हणे पार्वताबाई, उद्या शाळेची तपासणी आहे, कपाट साफ करजो. मी बरणी उघडली तं मळमळलं मले. म्हटलं, अवं, हे नागपूरले जाईन! ते लोक म्हणतीन, खैरीटोल्याची माती पाहा कशी सडकी. गावाचं नाक कापलं जाईन. मंग मी बरणी राखेनं घासली, बोडीवर गेली..." बोडी म्हणजे गावाचं लहान तळं. "तिथली चिकन माती आणली, निवडली, मळली, भरली. बाकी दोन बऱ्या होत्या म्हणून ठेवल्या. चांगलं काम केलं मी!"

"मावशी! मातीत घाण आहे का, तेच तं पाहाचं होतं त्याइले!"

पार्वताबाईचा हात हवेत थांबला. "घाण पाहाले नेली?"

"हो."

"कोणी सांगितलं नाही मले. मंग सांगाव ना तसं! मी शिकलेली आहे का? मले वाटलं माती मागतात तं माती चांगली देवाव." आणि मग तिला सगळं कळत गेलं. कागद, जाळं, जागेश्वर. ती हळूहळू खाली बसली. "जागेश्वर माह्यामुळं...?"

"ते काळी माती कुठं फेकली, मावशी?"

"माती फेकते का कोणी?" ती रागानंच म्हणाली. "चिकन होती, लोण्यावानी. दोन दिवस उन्हात ठेवली, वास गेला. भुसा टाकून मळली." तिनं मानेनंच दाखवलं.

आंबील खदखदत होतं. त्याच्याखाली नवी, काळसर, सुबक चूल.

रुखमानं तोंडावर हात धरला. नाल्याच्या तोंडाचा उरलेला एकमेव पुरावा तिच्यासमोर पेटला होता.

"नाव सांगू नको व," पार्वताबाई एकदम तिचा हात धरून म्हणाली. "मी कच्ची आहे नोकरीत. सायबाची बरणी बदलली म्हणून काढून टाकतीन. मी कुठं जाऊ?"

रुखमाला बापाचे मांडीवरचे हात दिसले. आणि आपल्या हातावरचे हे, राखेनं भेगाळलेले.

"नाही सांगत," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला कळलं, आपण काय बोलून बसलो.

६

रविवारी पंचायतीसमोर सतरंजी पडली. मधोमध जागेश्वरचं जाळं, मेलेल्या जनावरासारखं. पुरुष पुढं, बायका भिंतीकडेला. भोजराज धुतलेल्या कपड्यांत आला होता.

"कोणाले काही सांगाचं आहे?" टिकारामजींनी विचारलं.

"मले," रुखमा म्हणाली.

"पोट्टी सभेत बोलन?" कोणीतरी हसलं.

"सरपंचाले बोलू देता तं मले काहून नाही? मी त्याइच्याहून जास्त वेळ उभी राहून राहिली इथं."

हशा पिकला, आणि त्या हशातच तिनं बोलायला सुरुवात केली. दुसरी बरणी पुढं ठेवली. सरपंचांना विचारलं, बुधवारी हिच्यात काय होतं? "काळा चिखल," ते म्हणाले. "आता काय आहे?" त्यांनी वाकून पाहिलं, हुंगलं. "काळा नाही. वासबी नाही." मग तिनं बायकांकडे बरणी नेली. "काकी, बोट घाला. खडा लागते का? ही माती कशी आहे सांगा."

सत्यभामाबाईनं चिमूट घेतली, बोटांत चोळली. "हे तं मळलेली आहे. चुलीची माती आहे हे."

सभेत कुजबुज उठली. भोजराज पुढं सरकला. "बरं. बदलली म्हणू. कोणी बदलली? नाव सांग. अन् खरा चिखल कुठं आहे तो दाखव. नाही तं ही बरणी रात्री जागेश्वरनंच बदलली असं मी म्हणतो. आहे उत्तर?"

नाव रुखमाच्या जिभेच्या टोकावर होतं. बाप तिच्याकडे बघत होता, अख्खं गाव बघत होतं. तिनं ओठ घट्ट मिटले. इतका वेळ गप्प राहणं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, आणि ते धावण्यापेक्षा दमवणारं होतं.

"झालं!" भोजराजनं हात झटकले. "उचला जाळं."

"थांबा जी."

आवाज मागून आला. बायकांच्या गर्दीतून पार्वताबाई वाट काढत येत होती. डोक्यावर घमेलं. ती मधोमध आली आणि घमेलं जाळ्याशेजारी उतरवलं. त्यात काळ्या, भाजलेल्या मातीची मोठमोठी ढेकळं होती. एकावर अजून राख चिकटलेली.

"हे माही चूल," ती म्हणाली. "आज सकाळी फोडली. बरणी मी बदलली अन् नाल्याच्या तोंडाची माती हे आहे. न्या नागपूरले. या पोट्टीले मी नाव घेऊ नको म्हटलं होतं. तिनं नाही घेतलं. मी घेतो."

एखाद्या बाईनं आपली चालती चूल आपल्या हातानं फोडली हे ऐकून बायकांच्या तोंडून एकच सुस्कारा निघाला.

"सायबाच्या सामानाले हात लावला?" टिकारामजी उठले. "नोकरीवर..."

"मी सांगितलं होतं कपाट साफ कर म्हणून, आत न बघताच," ताराचंद सर उभे राहिले. "बरणीत काय आहे, कशासाठी आहे, ते सांगितलं नाही. रोज शंभर मुलांना विज्ञान सांगतो आणि माझ्या खोलीत झाडणाऱ्या बाईला दोन वाक्यं सांगायची मला गरज वाटली नाही. काढायचं तर आधी मला काढा."

"चुलीचे तुकडे!" भोजराज हसायला गेला. "भाजलेल्या मातीत आता काय सापडन?"

"शिसं जळून उडून जात नाही," सर म्हणाले. "तुम्हाला तर ठाऊक असेल. रोज वितळवता."

भोजराजच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला.

टिकारामजींनी त्या ढेकळांकडे पाहिलं. मग वाकले, जाळं दोन्ही हातांनी उचललं आणि जागेश्वरच्या खांद्यावर ठेवलं. माफी मागितली नाही. सरपंच होते ते. पण गोळ्या गुंतल्या होत्या त्या त्यांनी एकेक करून सोडवल्या, आणि जागेश्वरनं त्यांना सोडवू दिल्या.

रुखमाला वाटलं, संपलं. तिला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं. तेवढ्यात सत्यभामाबाई पुढं आली. तिनं घमेल्यातलं एक ढेकूळ हातात घेतलं, उलटंपालटं केलं.

"पार्वता, ही माती चिकन असते ना? लोण्यावानी?"

"हो, बाई."

"नाल्याच्या तोंडाची?"

"हो. मी काही पहिली नाही नेणारी. सगळ्याच नेत होत्या."

सत्यभामाबाईनं ढेकूळ खाली ठेवलं आणि हात लुगड्याला पुसला. पुन्हा पुसला. "पोळ्याच्या आधी मी पण तिथूनच आणली होती," ती कोणाकडेच न बघता म्हणाली. "तीन घमेली."

टिकारामजींनी मान वळवून बायकोकडे पाहिलं.

नागपूरचा नवा कागद यायला पुढं सतरा दिवस लागले. त्यात जे होतं त्यानं भट्टीला कुलूप पडलं आणि पार्वताबाईची नोकरी शाबूत राहिली. पण खैरीटोल्यानं त्या कागदाची वाट पाहिली नाही. भिंतीकडेची एक बाई उठली, मग दुसरी. पदर खोचत त्या एकेक करून घराकडे निघाल्या, आणि पुरुष सतरंजीवर तसेच बसून राहिले.

चूल फुटल्याचा पहिला आवाज सरपंचांच्या अंगणातून आला.